शरीराचं म्हणणं रॉड खांद्यावर घेतल्यावर ऐका

प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, साताऱ्यात बँकेत नोकरी. गेलं वर्षभर आठवड्यातून तीन संध्याकाळी जिमला जाते. स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन खाली बसून उठणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), बेंच प्रेस (पाठीवर झोपून रॉड वर ढकलणं) आणि रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं). मोबाइलवरच्या अ‍ॅपचा प्लॅन दर आठवड्याला अडीच किलो वाढवायला सांगतो. स्क्वॉट ५० किलोवर अडकलाय. एखाद्या दिवशी पाच रेप (म्हणजे सलग पाच वेळा बसून उठणं) सहज निघतात, एखाद्या दिवशी तिसऱ्यालाच दम संपतो. ट्रेनर म्हणतो, कारणं सांगू नका. फिजिओथेरपिस्ट मैत्रीण म्हणते, शरीराचं ऐक. पण माझं शरीर तर रोज संध्याकाळी घरी जाऊन पड असंच म्हणतं. मग ऐकायचं काय आणि किती?

ताई, शेवटच्या दोन वाक्यांत तुम्ही अगदी नेमकं बोट ठेवलंय. शरीराचं ऐका असा सल्ला सगळे देतात, पण ते कधी ऐकायचं हे कुणी सांगत नाही. सहा वाजता काउंटर बंद करून उठताना जे वाटतं, ते मांड्यांमधल्या ताकदीबद्दल फारसं काही सांगत नाही. दुपारच्या डब्यानंतर पोटात काही नाही, दिवसभर एका जागी बसून कंबर आखडलेली, डोकं लोकांशी बोलून शिणलेलं. हा थकवा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण त्यावरून आज ५० किलो उचलतील की नाही हे ओळखता येत नाही. मी शिकवलेल्या कित्येक बायकांनी आपलं सगळ्यात जास्त वजन अशाच एखाद्या कंटाळलेल्या संध्याकाळी उचललंय. उलट, खूप उत्साहात आलेल्या दिवशी रॉड जागचा हलला नाही, असंही पाहिलंय.

म्हणून मी दोन निर्णय वेगळे ठेवते. जिमला जायचं की नाही, हे कॅलेंडरवर ठरलेलं असावं. तिथे शरीराला विचारू नये. अपवाद मोजके: ताप, जुलाब-उलट्या, नवी दुखापत, किंवा घरातल्या आजारपणात जागून काढलेली रात्र. आज किती वजन घ्यायचं, हा निर्णय मात्र शरीराचा आणि तो वॉर्मअपमध्ये घ्यायचा. तुमचा ट्रेनर पहिल्या निर्णयाबद्दल बोलतोय, मैत्रीण दुसऱ्याबद्दल. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

आता वॉर्मअपकडे जरा बारकाईने बघू, कारण सगळं उत्तर तिथेच आहे. कामाचं, म्हणजे त्या दिवशीचं मुख्य वजन ५० असेल तर मोकळा २० किलोचा रॉड घेऊन आठ रेप, मग ३० वर पाच, ४० वर तीन, ४५ वर एक. (तुमच्या जिममधला रॉड खरंच २० चा आहे का, हे एकदा वजनकाट्यावर बघा. आपल्याकडे १५ चे, १२ चे, काहीही लिहिलेलं नसलेले रॉड सर्रास असतात. बायकांचा ऑलिंपिक रॉड १५ किलोचाच असतो.) मोकळ्या रॉडवर काही ठरवू नका. त्या आठ रेपमध्ये फक्त सांधे मोकळे होतात, आणि पहिले दोन-तीन नेहमीच जड वाटतात. ऐकायला सुरुवात करायची ती ४० पासून. खाली बसून उठताना, मांड्या जमिनीला समांतर झाल्यानंतर वर येण्याच्या पहिल्या वितीत रॉड कसा चालतोय? तिसरा रेप पहिल्याच वेगाने वर आला का? टाचा जमिनीला चिकटून राहिल्या, की वजन चवड्यांवर गेलं? वर आल्यावर पुढचा श्वास घ्यायला थांबावं लागलं का? मग ४५ चा एकच रेप. तो नेहमीच्या झोकात आला, तर ५० ला काही अडचण नाही, मन काहीही म्हणो. तोच रेप मध्यावर रेंगाळला, तर आज ४५ किंवा ४७.५ वर काम करा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वेगावर एवढा भर का, तर थकवा आल्यावर स्नायू आधी वेग गमावतो आणि मग वजन. तुम्ही पूर्ण जोर लावूनही रॉड हळू चालला तर ती माहिती खोटी नसते. मोठ्या संघांकडे यासाठी रॉडला दोरी बांधून वेग मोजणारी यंत्रं असतात. स्पेनमधल्या संशोधकांनी तरुण पुरुषांवर आठ आठवडे स्क्वॉटचा एक प्रयोग केला. एका गटाने सेटमध्ये (म्हणजे न थांबता सलग केलेल्या रेपमध्ये) वेग २० टक्के घटला की थांबायचं, दुसऱ्याने ४० टक्के घटेपर्यंत रेटायचं. लवकर थांबणाऱ्यांचे एकूण रेप बरेच कमी झाले, तरी ताकद दोन्ही गटांची जवळपास सारखीच वाढली, आणि जागेवरून उंच उडी मारण्यात तर लवकर थांबणारेच सरस ठरले. मांड्यांचा आकार मात्र रेटणाऱ्यांचा जास्त वाढला. तुम्हाला ताकद हवी आहे, तेव्हा प्रत्येक सेट शेवटच्या कण्हण्यापर्यंत न्यायची गरज नाही. यंत्र विकत घेऊ नका. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने ठेवून शेवटचा सेट चित्रित करा. दोन-तीन आठवड्यांत नजर बसते. तालमीत वस्ताद पोरगा खडाखडीला उभा राहिला की पाच मिनिटांत सांगतात, आज याच्या अंगात काय आहे. ती नजरही बघून बघूनच येते.

दुसरं साधन म्हणजे राखलेले रेप. सेट संपल्यावर स्वतःला विचारायचं: फॉर्म न बिघडवता अजून किती निघाले असते? तीन, दोन, एक, की शून्य? श्रम आकड्यात मांडायची कल्पना गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची. त्याची मूळ पट्टी ६ ते २० अशी विचित्र वाटते, कारण ती हृदयाच्या ठोक्यांना जुळवलेली होती: आकडा गुणिले दहा म्हणजे साधारण मिनिटाचे ठोके. वजन उचलणाऱ्यांना त्याचा थेट उपयोग नव्हता. पुढे अमेरिकन पॉवरलिफ्टर माइक टकशेररने दहाची पट्टी राखलेल्या रेपशी जोडून लोकप्रिय केली: दहा म्हणजे एकही उरला नाही, आठ म्हणजे दोन उरले. तुमच्या कामाच्या सेटमध्ये दोन ते तीन राखलेले असावेत, शेवटच्या सेटमध्ये एक.

इथे एक अडचण आहे आणि ती मान्य करूनच पुढे जायला हवं. माणसाचा हा अंदाज चुकतो. अभ्यासांमध्ये दिसतं की लोक सरासरी एखाद्या रेपने स्वतःला कमी लेखतात, म्हणजे दोनच उरलेत असं वाटतं तेव्हा बहुधा तीन उरलेले असतात. वजन हलकं असेल, सेट लांब असेल किंवा माणूस नवखा असेल, तर चूक वाढते. जड वजनावर, तीन-पाच रेपच्या सेटमध्ये, शेवटाकडे अंदाज बराच नेमका होतो. तेव्हा कान तयार करावा लागतो. चार-सहा आठवड्यांतून एकदा लेग प्रेस किंवा बसून करायच्या रोइंगच्या मशिनवर एक सेट असा करा: मध्येच थांबून मोठ्याने सांगा, अजून तीन निघतील. मग खरोखर जेवढे निघतील तेवढे करा. तीनच्या जागी सात निघाले तर तुमच्या शरीराचा आवाज भित्रा आहे हे कळलं, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या म्हणण्यात दोन-तीन मिळवायचे. हा प्रयोग खांद्यावर रॉड घेऊन करू नका. करायचाच असेल तर रॅकच्या (रॉड ठेवायच्या लोखंडी चौकटीच्या) आत, कमरेखाली सेफ्टी पिन, म्हणजे सुटलेला रॉड अडवणाऱ्या आडव्या दांड्या लावून. मागे उभ्या ट्रेनरच्या हातांच्या भरवशावर अजिबात नको.

आता तुमचे अडकलेले ५० किलो. आठवड्याला अडीच म्हणजे वर्षाला १३० किलो. नवख्याला पहिले तीन-चार महिने हे जमतं, कारण त्या काळात वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते, म्हणजे आहेत ते स्नायू एकत्र कामाला लावायला शरीर शिकत असतं. ते शिकून झालं की वेग मंदावणारच. अ‍ॅपला तुमची कालची झोप माहीत नाही आणि वर्ष उलटलंय हेही तो विचारात घेत नसावा. तुम्ही अडकलेल्या नाही आहात, प्लॅनची मुदत संपलीय.

त्याच्या जागी मी एक जुनी, साधी पद्धत सुचवते. १९४५ मध्ये थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांसाठी टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दहा-दहाचे तीन सेट आपण आजही करतो, ते तिथूनच आलेत. १९७९ मध्ये केनेथ नाइटने त्यात एक मोलाची भर घातली: एका सेटमध्ये जमतील तेवढे रेप करायचे आणि त्यांच्या संख्येवरून पुढचं वजन ठरवायचं. वजन ठरवायला तारीख नाही, त्या दिवशी झालेलं काम. तुमच्यासाठी मी ते असं बसवते. पाच रेपचे दोन सेट नेहमीसारखे. तिसऱ्यात एक राखून जमतील तितके. सात किंवा जास्त झाले तर पुढच्या वेळी एक ते अडीच किलो वाढवा. चार ते सहा झाले तर तेच वजन. तीन किंवा कमी झाले तर पुढच्या वेळी अडीच किलो उतरवा. बस. एका वाईट दिवसाने अडीच किलो जातात, एका चांगल्या दिवसाने परत येतात. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या घेऊन पिशवीत ठेवा. ५० वर अडीच म्हणजे पाच टक्के, ही तुमच्या वजनाच्या मानाने मोठी उडी आहे. एका किलोने पुढे जाणं जास्त टिकतं.

मात्र याचा अर्थ हलकं हलकं करत राहा असा होऊ देऊ नका. शरीराचं ऐकण्याच्या नावाखाली दोन-दोन वर्षं गुलाबी डंबेल फिरवणाऱ्या बायका मी बघते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही ४६ च्या आहात, पाळी जाण्याचा काळ समोर आहे, आणि त्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतरच्या, हाडांची घनता आधीच कमी झालेल्या स्त्रियांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने: डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं, पाच-पाचचे पाच सेट, आणि वजन कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून वर. अर्थात जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली, आणि पहिले काही आठवडे हलक्या वजनावर तंत्र शिकून. त्यांच्या मणक्याची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. हाडाला जड ओझंच लागतं. ऐकायचं ते यासाठी, की जड वजन वर्षानुवर्षं उचलता यावं.

दिवसागणिक ताकद का हलते, याची कारणं बहुतेक घरातलीच असतात. एका रात्रीच्या जागरणाने कमाल ताकद फारशी घटत नाही, फक्त सगळं जड वाटतं. तेव्हा त्या दिवशी वॉर्मअपवर विश्वास ठेवा. सलग तीन-चार रात्री अपुरी झोप झाली तर मात्र स्क्वॉट-डेडलिफ्टसारखे व्यायाम खरेच उतरतात. संध्याकाळी जिमला जाण्याआधी तास-दीड तास काहीतरी खा: केळं, गूळ-शेंगदाणे, दही-पोहे. तिसऱ्या रेपला दम संपण्याच्या निम्म्या तक्रारी मी एवढ्यावर मिटलेल्या पाहिल्यात. प्रथिनं दिवसभरात शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास हवीत. शाकाहारी असाल तर वरण-भातातून ती भागत नाहीत. उसळी, दही, पनीर, दूध किंवा प्रोटीन पावडर, यांचा रोज हिशेब ठेवावा लागेल. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंख्याखालच्या जिममध्ये तेच वजन जड वाटतं. सेटमधली विश्रांती तीन-चार मिनिटांवर न्या. नवरात्राचे नऊ दिवस उपास करत असाल तर व्यायाम थांबवू नका, पण वजन वाढवू नका आणि त्या दिवसांचे आकडे मनाला लावून घेऊ नका.

पाळीबद्दल हल्ली तयार तक्ते फिरतात, अमुक आठवड्यात जड, तमुक आठवड्यात योगासनं. सरासरीचा फरक इतका बारीक निघतो की त्यावर प्लॅन आखण्यात अर्थ नाही. पण सरासरी म्हणजे तुम्ही नव्हे. पोटात कळा येत असतील, रक्तस्राव जास्त असेल, तर ते दिवस हलके ठेवा. शिवाय ४६ व्या वर्षी पाळी अनियमित व्हायला लागते, रात्री अंगातून वाफा निघून झोप मोडते. तुमच्या चांगल्या-वाईट दिवसांमागे हे असेल अशी मला दाट शंका आहे. रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असताना तिसऱ्या रेपला दम लागतो तो आळसाने नव्हे, आणि ते कुठल्याही जिद्दीने भरून निघत नाही.

आता दुखणं. व्यायामानंतर अंग धरतं, मांड्या जिना उतरताना बोंबलतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि हालचालीने सैल होतं. त्याला घाबरू नका. त्यात व्यायाम केला तरी चालतो. सांध्याच्या आसपास एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं वेगळं. गुडघ्याच्या वाटीखाली, कोपराच्या बाहेरच्या कडेला, खांद्याच्या पुढे. त्याला दहापैकी गुण द्या. दोन-तीनपर्यंत असेल, सेट करताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना कालच्यापेक्षा जास्त नसेल, तर काम चालू ठेवा, फक्त वजन वाढवू नका. सकाळची ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण स्नायूबंधाचं दुखणं व्यायाम करताना गरम होऊन लपतं आणि दुसऱ्या दिवशी खरं बोलतं. चमक मारली, सांधा अडकला, पायात मुंग्या उतरल्या, तर त्या दिवशी तो व्यायाम तिथेच थांबला. आणि काही गोष्टींत ऐकणं-बिकणं नाही, सरळ दवाखाना: छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, विनाकारण धाप आणि मळमळ (बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा असाच येतो), मांड्यांच्या आतल्या बाजूची बधिरता, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, किंवा फार जड व्यायामानंतर एक-दोन दिवसांत कोलासारखी गडद लघवी.

डेडलिफ्टच्या वेळी लघवीचे थेंब जाणं, हा एक संकेत बायका कुणाला सांगत नाहीत. तो फार सर्रास आहे, बाळंतपण झालेलं असो वा नसो. त्याचा अर्थ वजन उचलणं सोडा असा नाही. थेंब जाणार नाहीत इतपत वजन उतरवा, जोर लावताना श्वास पूर्ण कोंडण्याऐवजी हळू सोडत उठा, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. तुमची मैत्रीण तुम्हाला योग्य माणसाकडे पाठवू शकेल. रक्तदाब असेल तर तो आटोक्यात आहे याची खात्री केल्याशिवाय श्वास कोंडून जड वजन उचलू नका.

एका दिवसाचा आवाज खोटा असू शकतो, तीन दिवसांचा सहसा नसतो. म्हणून वही हवी. प्रत्येक व्यायामाचं वजन, रेप, राखलेले रेप, आदल्या रात्रीची झोप, पाळीचा दिवस. एका ओळीत मावतं. सलग तीन वेळा तेच वजन जड जात असेल, भूक मेलेली असेल, चिडचिड होत असेल, सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी नेहमीपेक्षा सात-आठने वर असेल, तर एक आठवडा सेट निम्मे करा. वजन फार उतरवू नका, सेट कमी करा. बहुतेकींना दीड-दोन महिन्यांतून एकदा असा आठवडा लागतो. डेंग्यू किंवा चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर मात्र वेगळं गणित: मोकळ्या रॉडपासून पुन्हा सुरुवात, आणि सांधे आठवडेच्या आठवडे कुरकुरले तर त्यांच्या गतीने.

तुमच्या ट्रेनरला कदाचित वेटलिफ्टर संकेत सरगरचं उदाहरण डोळ्यांसमोर असेल. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या या पोराचं क्लीन अँड जर्कच्या (रॉड आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर उचलण्याच्या) दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलोवर कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा रॉडपाशी आला. एकूण २४८ किलो, सुवर्ण एका किलोने हुकलं. त्याच्या त्या हिमतीपुढे मी मान झुकवते. पण तो आयुष्यातून क्वचित येणारा दिवस होता, समोर देशाचं पदक होतं, आणि दुखणं माहीत असून घेतलेला तो त्याचा निर्णय होता. सोमवारी संध्याकाळी साताऱ्याच्या जिममध्ये तसला निर्णय घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

ट्रेनरशी वाद घालू नका. चार आठवडे वही लिहा आणि त्याच्या हातात द्या. चांगला असेल तर तो ४५ चा रेप स्वतः बाजूला उभा राहून बघायला लागेल. तरीही न बघता आकडाच रेटत असेल, तर दुसरा ट्रेनर शोधा.